सरदारांची उमेदवारी

(द्वितीय वर्ष, कला)

उमेदवारी या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. निवडणुकीला उभे राहणे हा अर्थ आज सर्वांच्या तोंडी आहे. जुनी माणसे मात्र हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरीत. कचेरीत किंवा एखाद्या वकिलाच्या हाताखाली, बहुधा बिनपगारी, काम शिकत राहायचे, याला ते उमेदवारी करणे म्हणत. आधी उमेदवारी, मग जबाबदारीची जागा, असा तो क्रम होता. सरदार वल्लभभाई पटेल यांच्या चरित्रात या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र आलेले दिसतात. १९१७ साली ते अहमदाबादच्या नगरपालिकेच्या निवडणुकीस उभे राहिले, आणि निवडून आल्यावर पुढील अकरा वर्षांत त्यांनी तेथे खऱ्या अर्थाने उमेदवारी केली.

शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला वल्लभभाई भेटतात ते बारडोलीचे सरदार आणि संस्थाने विलीन करणारे पोलादी पुरुष म्हणून. मधली नगरपालिकेची वर्षे एका ओळीत संपतात. गटारे, नळ, घरपट्टी आणि झाडलोट यांत चरित्र ते काय असणार, असे कोणालाही वाटेल. परंतु सरदार घडले ते याच कामात, असे मला त्यांचे चरित्र वाचताना जाणवले. म्हणून त्या वर्षांविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

वल्लभभाईंचा जन्म गुजरातेतील नडियाद येथे झाला. ३१ ऑक्टोबर १८७५ ही जी जन्मतारीख आपण पाळतो ती शाळेच्या दाखल्यावरून आलेली आहे. त्यांचे गाव करमसद. वडील झवेरभाई शेती करीत. आईचे नाव लाडबाई. मुलांनी भराभर शिकावे अशी घरची परिस्थिती नव्हती. वल्लभभाई मॅट्रिक झाले ते १८९७ साली, म्हणजे बाविसाव्या वर्षी. आजकाल या वयात आपले विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडलेले असतात. कॉलेजात जाण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा ओळखीच्या वकिलांकडून पुस्तके उसनी आणून त्यांनी डिस्ट्रिक्ट प्लीडरची परीक्षा दिली आणि १९०० साली गोधरा येथे वकिली सुरू केली. तेथे प्लेगची साथ आली. आजारी स्नेह्याची शुश्रूषा करताना त्यांना स्वतःलाच प्लेगची गाठ उठली. त्यातून ते वाचले. पुढे अहमदाबादेत जे घडले ते समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९०२ पासून बोरसद येथे त्यांची फौजदारी वकिली चांगली चालू लागली. विलायतेस जाऊन बॅरिस्टर व्हावे ही मनीषा होती. त्यासाठी पैसा साठवून त्यांनी प्रवासाची कागदपत्रे मागविली. कागदपत्रे व्ही. जे. पटेल या नावाने आली आणि थोरले बंधू विठ्ठलभाई यांच्या हाती पडली. दोघांचीही आद्याक्षरे एकच! थोरल्याने आधी जावे असे विठ्ठलभाईंनी सुचविताच वल्लभभाईंनी आपली पाळी सोडून दिली आणि भावाचा खर्चही सोसला. १९०९ साली पत्नी झवेरबा मुंबईच्या रुग्णालयात वारल्या. ती तार वल्लभभाईंना न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी चालू असताना मिळाली. त्यांनी ती वाचली, खिशात ठेवली आणि उलटतपासणी पुरी केली. मागे मणिबेन आणि डाह्याभाई ही दोन लहान मुले होती. १९१० साली, वयाच्या पस्तिशीला येऊन, ते विलायतेस गेले. रोज कित्येक मैल चालत मिडल टेंपलच्या ग्रंथालयात जाऊन त्यांनी अभ्यास केला, परीक्षेत पहिला क्रमांक मिळविला आणि १९१३ च्या आरंभी ते परतले.

त्यानंतरचे वल्लभभाई म्हणजे अहमदाबादच्या भद्र भागात राहणारे, उंची सूट वापरणारे, संध्याकाळी गुजरात क्लबात ब्रिज खेळणारे यशस्वी बॅरिस्टर. १९१५ साली गांधीजी अहमदाबादेत आश्रम काढून राहिले तेव्हा त्यांची थट्टा करण्यात हे पुढे होते. सार्वजनिक कामाची आवड अशी दिसत नव्हती. स्नेह्यांनी आग्रह केला म्हणून ते १९१७ च्या जानेवारीत दरियापूर विभागातून नगरपालिकेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले व निवडून आले. ती निवडणूक न्यायालयाने रद्द ठरविली. मे महिन्यात ते पुन्हा उभे राहिले आणि या वेळी बिनविरोध निवडून आले.

तेव्हाची नगरपालिका काय होती हे थोडे सांगितले पाहिजे. १८८२ साली लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला. कारभार लगेच सुधारेल हा त्याचा मुख्य हेतू नव्हता. लोकांना राज्यकारभाराचे शिक्षण मिळावे हा होता. एका अर्थाने नगरपालिका ही परकीय सरकारने काढलेली शिकाऊ शाळाच होती, आणि शाळेच्या किल्ल्या सरकारने आपल्या खिशात ठेवल्या होत्या. अहमदाबादेत रणछोडलाल छोटालाल यांच्यासारख्या कर्त्या अध्यक्षांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नळाचे पाणी आणले आणि भुयारी गटारे सुरू केली. पण गिरण्या वाढल्या तसे शहर फुगत गेले. १९२१ च्या शिरगणतीत वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास होती. जुन्या तटाच्या आत पोळांच्या अरुंद गल्ल्या, तटाबाहेर गिरणी कामगारांच्या चाळी. पाणी अपुरे आणि गटारे तुंबलेली. शिवाय कारभार पाहण्यास सरकारने एक आय.सी.एस. अधिकारी कमिशनर म्हणून बसविलेला होता. शिलिडी हे त्याचे नाव. सभासदांनी ठराव करावेत आणि साहेबांनी आपल्या मर्जीने वागावे असा प्रकार चालला होता.

नव्या सभासदाने भाषणे ठोकली नाहीत. त्याने फायली मागविल्या. पालिकेच्या मालकीच्या एका तळ्याच्या जागेचे प्रकरण त्यात होते. कमिशनरसाहेबांनी पालिकेचे हित कसे बाजूला ठेवले, हे वल्लभभाईंनी कागदामागून कागद काढून सभेपुढे मांडले. मुद्दे असे बिनतोड होते की सरकारला त्यांकडे दुर्लक्ष करता येईना. शिलिडीसाहेबांना अहमदाबाद सोडावे लागले. गोऱ्या अंमलदाराला नुसता कागद दाखवून हलविता येते, हे शहराने प्रथमच पाहिले. वल्लभभाईंच्या उमेदवारीचा हा पहिला धडा म्हणता येईल. अधिकार हा आरडाओरड करून मिळत नाही. तो आपल्या कामाची बारीकसारीक माहिती असलेल्या माणसाकडे चालत येतो.

दुसरा धडा अधिक कठीण होता. त्याच वर्षी शहरात प्लेग पसरला. शाळा आणि कचेऱ्या बंद पडल्या. ज्यांना शक्य होते ते घरे सोडून बाहेर राहावयास गेले. वल्लभभाई आरोग्य समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी शहर सोडावे असे स्नेह्यांनी परोपरीने सांगितले. पण ते भद्रातील घरातच राहिले. रोज सकाळी ते गल्ल्यांतून फिरत, गटारे साफ होतात की नाही, औषधाची फवारणी झाली की नाही, झाडूवाले कामावर आले की नाही, हे जातीने पाहत. ज्याला एकदा प्लेगची गाठ येऊन गेली आहे अशा माणसाने पुन्हा त्या गल्ल्यांत पाय टाकावा यातले मोल आपण सहज समजू शकतो. आपला समितीप्रमुख पळाला नाही हे पाहिल्यावर झाडूवालेही पळाले नसतील, असे मला वाटते.

येथे एक गोष्ट नमूद करणे जरूर आहे. त्या काळी नगरपालिकेसाठी सर्वांना मत नव्हते. घरपट्टी भरणारे, मालमत्ता असणारे, काही विशिष्ट व्यवसायांतले लोक एवढ्यांनाच मताधिकार होता. ज्या चाळींत आणि गल्ल्यांत साथ सर्वांत जास्त माणसे मारी, तेथील बहुतेकांना मत नव्हते. स्त्रियांची संख्या तर मतदारांत नगण्यच. म्हणजे त्या गल्ल्यांत फिरून वल्लभभाईंच्या पदरात मते पडणार नव्हती. ज्याच्याकडून मत मिळणार नाही त्याच्या दारातले गटार साफ करवून घेणे ही लोकसेवेची खरी कसोटी होय. या कसोटीस किती जण उतरतील याचा ज्याने त्याने विचार करावा.

१९१७ हेच वर्ष वल्लभभाई आणि गांधीजी जवळ येण्याचे. चंपारण्यातील काम पाहून थट्टेची जागा आदराने घेतली. १९१८ साली खेडा जिल्ह्यातील साराबंदीच्या लढ्यात वल्लभभाई गावोगाव हिंडले. १९२० साली असहकारिता सुरू झाली तेव्हा त्यांनी भरभराटीची वकिली सोडली आणि सूट जाऊन अंगावर खादी आली. आता प्रश्न असा उभा राहिला की, सरकारशी असहकार करणाऱ्या माणसांनी सरकारी कायद्याने चालणाऱ्या नगरपालिकेत राहावे काय? वल्लभभाईंनी जागा सोडली नाही. असहकार त्यांनी पालिकेच्या आत आणला. पालिकेच्या प्राथमिक शाळांसाठी सरकारी अनुदान घ्यावयाचे नाही आणि सरकारी तपासनिसाला तपासणी करू द्यावयाची नाही, असे बहुमताने ठरले. पैसा शहराचा, शाळा शहराच्या, तर तपासणीही शहरच करील, अशी ही भूमिका होती.

सरकारने १९२२ च्या फेब्रुवारीत पालिकाच बरखास्त केली आणि आपली समिती नेमली. शिक्षणासाठी वळविलेली रक्कम सभासदांकडून व्यक्तिशः वसूल करावी म्हणून दावाही लावला. तो टिकला नाही. पण घरादारावर जप्ती येण्याची टांगती तलवार काही काळ या सभासदांच्या डोक्यावर होती. दरम्यान लोकांकडून पैसा उभा करून राष्ट्रीय शाळा चालू ठेवण्यात आल्या. पालिका हातातून गेली तरी मुलांची पाटी-पेन्सिल सुटू दिली नाही. सत्ता गेल्यावरही काम चालू राहते काय, हा उमेदवारीतला तिसरा धडा.

१९२४ साली पुन्हा निवडणुका झाल्या. वल्लभभाईंच्या पक्षाला बहुमत मिळाले आणि ते नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. पुढची चार वर्षे त्यांनी हे पद सांभाळले. पाणीपुरवठा वाढविणे, भुयारी गटारे नव्या वस्त्यांपर्यंत नेणे, साबरमतीपलीकडे एलिसब्रिज भागात नगररचनेची योजना पुढे रेटणे, थकलेल्या पट्ट्या वसूल करणे, अशी ही सारी कामे. त्यांत टाळ्या मिळण्यासारखे काही नव्हते. उलट रस्ता रुंद करावयाचा म्हणजे कोणाची तरी ओसरी जाणार आणि पट्टी वसूल करावयाची म्हणजे कोणी तरी स्नेही दुखावणार. तरीही ठराव झाला की तो पार पडलाच पाहिजे असा त्यांचा दंडक होता.

या कामात त्यांचे एक सहकारी मराठी होते ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. गणेश वासुदेव मावळंकर यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांचा जन्म बडोद्याचा आणि वकिली अहमदाबादची. १९१९ साली ते नगरपालिकेत निवडून आले. वल्लभभाईंच्या नंतरच्या काळात ते पालिकेचे अध्यक्षही झाले. पुढे १९३७ साली ते मुंबईच्या विधानसभेचे सभापती आणि १९५२ साली स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेचे सभापती झाले. सभा कशी चालवावी याचे पहिले पाठ त्यांनीही नळ आणि गटारांच्या चर्चांतच गिरविले होते. एका नगरपालिकेच्या एका दालनातून देशाचा उपपंतप्रधान आणि लोकसभेचा सभापती असे दोघे निघावेत ही काही लहान गोष्ट नव्हे.

१९२७ च्या जुलै महिन्यात गुजरातेत अतिवृष्टी झाली. पाऊस सुरू झाला तो जवळजवळ आठवडाभर थांबला नाही. अहमदाबादेत घरे कोसळू लागली. पालिकेचे अध्यक्ष मध्यरात्री भर पावसात घराबाहेर पडले, पायी हिंडून कोठे पाणी तुंबले आहे ते त्यांनी पाहिले, अभियंत्यांना झोपेतून उठवले आणि पाण्याला वाट करून देण्याचे काम त्याच रात्री सुरू केले. कोणते गटार कोणत्या गल्लीखालून जाते हे ज्याला पाठ आहे, तोच हे काम अंधारात करू शकतो. नंतर खेड्यांकडे स्वयंसेवकांची पथके, धान्य, बियाणे, घरे उभारण्यास सामान, अशी व्यवस्था त्यांनी लावली. गांधीजी त्या वेळी दक्षिणेत आजारातून उठत होते; त्यांनी धावून येण्याची गरज नाही असे वल्लभभाईंनी कळविले. सरकारकडूनही त्यांनी या कामी भरघोस पैसा मिळविला.

लगेच पुढच्या वर्षी बारडोलीचा लढा झाला. सरकारने तालुक्याचा शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढविला होता. १९२८ च्या फेब्रुवारीत साराबंदी सुरू झाली. तालुक्यातील १३७ गावांची ठिकठिकाणी छावण्यांत विभागणी, प्रत्येक छावणीवर जबाबदार माणूस, रोजचे पत्रक आणि गावागावांची रोजची खबर, अशी ती व्यवस्था होती. हा लढा वाचताना मला वारंवार नगरपालिकेची आठवण होत होती. विभाग पाडणे, विभागप्रमुख नेमणे, रोजच्या रोज अहवाल घेणे ही आरोग्य समितीची आणि पूरनिवारणाची पद्धत येथे साऱ्या तालुक्याला लावलेली आहे. एप्रिलमध्ये त्यांनी नगरपालिकेचे अध्यक्षपद सोडले. ऑगस्टमध्ये समेट झाला, आणि चौकशीअंती सारावाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली. या लढ्यात वल्लभभाईंना सरदार ही पदवी लोकांनी दिली. उमेदवारी संपली होती.

पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. अनेक तुरुंगवास, १९३१ चे कराची काँग्रेसचे अध्यक्षपद, १९४७ साली उपपंतप्रधान, गृह आणि संस्थान खात्यांचे मंत्री. साडेपाचशेहून अधिक संस्थानांचा प्रश्न त्यांच्यापुढे आला तेव्हा ते बहात्तरीत होते आणि प्रकृती ढासळलेली होती. येथे एक गंमत वाटण्यासारखी गोष्ट आहे. ज्या माणसाने सार्वजनिक जीवनाचा आरंभ एका आय.सी.एस. अधिकाऱ्याला घालवून केला, त्यानेच १९४९ साली संविधान सभेत सनदी नोकरांची बाजू ठामपणे घेतली. काहींना यात विसंगती वाटते. मला वाटत नाही. अकरा वर्षांत त्यांनी मर्जीने वागणारा अधिकारीही पाहिला होता आणि मध्यरात्री पावसात बरोबर चालणारा अभियंताही पाहिला होता. पहिल्याला कसे हलवावे आणि दुसऱ्याला कसे जपावे, हे दोन्ही ते नगरपालिकेतच शिकले. १५ डिसेंबर १९५० रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

हे सर्व लिहिताना एक विचार मनात येतो. राज्यशास्त्राच्या तासाला स्थानिक स्वराज्य संस्था हे प्रकरण आले की आपण ते गुणांपुरते पाठ करतो. दिल्ली म्हणजे राजकारण आणि ग्रामपंचायत म्हणजे भानगडी, असा आपला समज असतो. माझी आई सातवीपर्यंत शिकलेली आहे. स्त्रियांसाठी राखीव जागेवरून ती पाच वर्षे आमच्या ग्रामपंचायतीची सदस्य होती. पहिली दोन वर्षे तिला बसावयास खुर्ची मिळे, सही करावयास कागद मिळे. वाचावयास मात्र मिळत नसे. तिसऱ्या वर्षी तिने पाणीपुरवठ्याच्या खर्चाचे रजिस्टर मागून घेतले आणि रात्री माझ्याकडून ते वाचून घेतले. मी तेव्हा नववीत होते. आमच्या आळीतील पाइप दुरुस्त झाल्याची नोंद त्यात होती. नळाला तर पाणी येत नव्हते. पुढच्या बैठकीत तिने एवढेच विचारले की ही दुरुस्ती कोणत्या जागी झाली. दीड महिन्यात पाइप बदलला गेला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. पण सार्वजनिक कामाची शाळा माझ्याआधी आईने केली. वल्लभभाईंनी १९१७ साली फायली मागविल्या हे वाचले तेव्हा ते मला परके वाटले नाही.

१९९३ साली अमलात आलेल्या घटनादुरुस्त्यांनी पंचायतींना आणि नगरपालिकांना संविधानात स्थान दिले. वल्लभभाईंच्या अहमदाबादेत ज्यांना मत नव्हते त्या चाळीतल्या माणसाला आणि बाईला आज मत आहे, जागाही आहे. खेड्यातल्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण कायद्याने ग्रामसभेचा सभासद असतो. म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेले, खेड्यांतून या महाविद्यालयात येणारे आपण बहुतेक सारे सभासद आहोत. त्यासाठी घरपट्टीची पावती लागत नाही, की बॅरिस्टरची पदवी लागत नाही. पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा ग्रामसभेची नोटीस कधी लागते ते विचारा, सभेला जाऊन बसा आणि मागील सभेचे इतिवृत्त वाचावयास मागा.